नाकातली साधी गाठ आणि रिपोर्टमधला पी-५३: वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत नाकातल्या गाठींबद्दल इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यावरच करतेय. बहुतेकांची गाठ साधी आहे, म्हणजे कॅन्सर नसलेली, आणि तरीही घरातले सगळे घाबरलेत, कारण रिपोर्टच्या खालच्या बाजूला पी-५३, पी-१६, पी-२१ असली नावं आणि त्यापुढे 'पॉझिटिव्ह' हा एक शब्द. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, हे रिपोर्ट लिहिणं हेच माझं काम, त्यामुळे आमच्या टेबलावरून गेलेला एक शब्द घरी जाऊन काय काय करतो हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न: मॅडम, माझे बाबा ५८ वर्षांचे आहेत. दीड वर्ष त्यांची फक्त उजवी नाकपुडी बंद होती, सर्दी सर्दी म्हणत ड्रॉप्स टाकत राहिले. शेवटी सीटी स्कॅन झाला आणि दुर्बिणीतून गाठ काढली. रिपोर्टमध्ये 'इनव्हर्टेड पॅपिलोमा, डिस्प्लेसिया नाही' असं आहे आणि खाली 'पी-५३: तळाच्या थरातल्या विखुरलेल्या पेशींमध्ये पॉझिटिव्ह'. सर्जन म्हणाले कॅन्सर नाही. पण मी नेटवर वाचलं की पी-५३ कॅन्सरशी संबंधित आहे. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. रात्री झोप लागत नाही. नक्की काय समजायचं?

उत्तर: आधी सरळ सांगते, ती ओळ घाबरायची नाहीये. पी-५३ हे पेशीतलं गाठ रोखणारं एक प्रोटीन. तळाच्या थरात, विखुरलेल्या पेशींमध्ये, कुठे फिकट कुठे गडद असं ते दिसतं तेव्हा ते प्रोटीन नेहमीसारखं वागतंय असाच अर्थ आम्ही लावतो. बाबांना सांगा, आजच सांगा.

आता हे 'पॉझिटिव्ह' येतं कुठून ते बघा. काढलेली गाठ फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवून तिचा ब्लॉक करतात आणि त्या ब्लॉकचे ३-४ मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेतात. पहिला काप नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवून आम्ही बघतो आणि निदान बहुतेक वेळा तिथेच झालेलं असतं. त्यानंतर गरज वाटली तर दुसऱ्या कापावर एक अँटिबॉडी टाकतात जी पी-५३ ला जाऊन चिकटते, आणि ती जिथे चिकटली तिथे तपकिरी रंग उठतो, बाकीचे न्यूक्लियस निळे राहतात. तपकिरी न्यूक्लियस दिसले की पॉझिटिव्ह लिहायचं. एवढंच आहे ते. ताप आल्यावर करतो त्या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह म्हणजे आजार ही सवय आपल्याला लागलेली असते, इथे मात्र तो शब्द फक्त एवढंच सांगतो की हे प्रोटीन डोळ्याला दिसेल इतकं या पेशींमध्ये आहे. ते किती पेशींत आहे, कुठल्या थरात आहे आणि किती गडद आहे, हे बघितल्याशिवाय त्या शब्दाला काही अर्थ नाही. नुसत्या 'पॉझिटिव्ह'वरून कॅन्सर ठरवणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

आता गाठीबद्दल. पॅपिलोमा सहसा पृष्ठभागावरून बाहेर वाढतो, फुलकोबीसारखा. हा उलटा वाढतो, नाकाचं अस्तर जाड होऊन बोटं खुपसावीत तसं खालच्या मऊ थरात आत आत शिरतं, म्हणून 'इनव्हर्टेड'. पण शिरताना ते आपल्या खालचा पडदा, म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेन, फोडत नाही, आणि कॅन्सर तो फोडतो. मायक्रोस्कोपखाली आम्ही सगळ्यात जास्त वेळ हाच पडदा शोधण्यात घालवतो. अशा गाठी १९व्या शतकाच्या मध्यापासून माहीत होत्या, पण आतल्या बाजूला वाढण्याची ही तऱ्हा रिंगर्ट्झ यांनी १९३८ साली नीट मांडली. काही रिपोर्टांत हिलाच 'श्नायडेरियन पॅपिलोमा' लिहितात, त्याने घाबरू नका, तो कुठला वेगळा आजार नाही. श्नायडर हे १७व्या शतकातले जर्मन शरीरशास्त्रज्ञ, शेंबूड मेंदूतून गळून नाकात येतो अशी तोपर्यंतची समजूत होती आणि तो नाकाच्या अस्तरातूनच येतो हे त्यांनी दाखवलं, म्हणून त्या अस्तराला त्यांचं नाव राहिलं.

ही गाठ साधी असली तरी तिच्या दोन खोडी आहेत आणि त्या मी लपवणार नाही. एक म्हणजे ती परत येते. दुसरी म्हणजे थोड्या लोकांत तिच्यात कॅन्सर सापडतो, वेगवेगळ्या अभ्यासांत हा आकडा साधारण १०० मागे ५ ते १५ असा येतो. पण यातला मोठा वाटा पहिल्याच ऑपरेशनच्या वेळी गाठीत आधीच असलेल्या कॅन्सरचा असतो, साधी म्हणून काढलेली गाठ पुढे जाऊन कॅन्सरची होणं त्याहून बरंच कमी. तुमच्या बाबांची गाठ तपासली, त्यात डिस्प्लेसियाही नाही, म्हणजे पेशी बिघडायला लागल्याची खूणही नाही. तेव्हा मोठा प्रश्न सुटलेला आहे.

उरतो परत येण्याचा, आणि तो पी-५३ वर फारसा ठरत नाही, तो ठरतो गाठ जिथून उगवली होती ती जागा नीट साफ झाली का यावर. ही गाठ दिसायला मोठी असते पण बहुतेक वेळा हाडाच्या एका छोट्या जागेवरून उगवते आणि सीटी स्कॅनमध्ये तिथलं हाड थोडं जाड झालेलं दिसतं. सर्जन ती जागा शोधतात, तिथलं अस्तर काढतात आणि खालचं हाड ड्रिलने घासून काढतात. म्हणून सर्जनना दोन गोष्टी विचारा. गाठ कुठून उगवली होती आणि ते हाड घासलं का, आणि दुसरं, काढलेला सगळा माल तपासायला पाठवला होता का. दुसरा प्रश्न मी मुद्दाम सांगतेय. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, मोठ्या गाठीच्या एखाद्या कोपऱ्यातच बिघाड असू शकतो आणि तो तुकडा आमच्यापर्यंत आलाच नाही तर आम्हाला दिसणार कसा.

प्रश्न: मी शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या भावाच्या नाकातल्या गाठीत पी-५३ 'जास्त प्रमाणात' दिसला आणि डॉक्टर त्यामुळे काळजीत पडले. पण पी-५३ हे गाठ रोखणारं प्रोटीन ना? मग जास्त असणं चांगलं असायला हवं. हे उलटं कसं?

उत्तर: तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण याच कोड्यात संशोधक स्वतः १० वर्षं अडकले होते. पी-५३ सापडलं १९७९ मध्ये, आणि कॅन्सरच्या पेशींत ते भरपूर दिसायचं म्हणून सगळे धरून चालले की हेच कॅन्सर घडवतं. १९८९ च्या सुमारास कळलं की प्रयोगशाळेत जे जीन वापरलं जात होतं तेच बिघडलेलं होतं आणि चांगल्या जीनचं काम तर बरोबर उलटं आहे, गाठ थांबवायचं. १९९२ मध्ये डेव्हिड लेन यांनी त्याला 'जीनोमचा राखणदार' म्हटलं.

आता राखणदार काय करतो. पेशीच्या डीएनएला इजा झाली, धुराने, किरणांनी, कशानेही, की पी-५३ वाढतो आणि इतर जीन्सना हुकूम सोडतो. त्यातला एक हुकूम पी-२१ नावाच्या प्रोटीनला असतो, ते पेशीचं विभाजन अडवून धरतं, तेवढ्या वेळात दुरुस्ती होते. दुरुस्तीच्या पलीकडचं नुकसान असेल तर पी-५३ त्या पेशीला मरायला लावतो. इतकं ताकदवान प्रोटीन कायम हजर राहिलं तर चांगल्या पेशीही थांबतील, म्हणून निरोगी पेशीत एमडीएम-२ नावाचं दुसरं प्रोटीन त्याला सतत धरून मोडीत काढत असतं. तिथे पी-५३ चं आयुष्य २० मिनिटांच्या आसपासचं. तयार झाला, मोडला, तयार झाला, मोडला. त्यामुळे निरोगी अस्तरावर अँटिबॉडी टाकली तरी तपकिरी रंग थोड्याच पेशींत, फिकट दिसतो, दाखवायला तिथे फारसं साठलेलं नसतं.

आणि इथे तुमचं कोडं सुटतं. पी-५३ बनवणाऱ्या टीपी-५३ जीनमध्ये बिघाड झाला की बहुतेक वेळा प्रोटीन तयार होतं पण त्याचा आकार बदललेला असतो. ते डीएनएला नीट धरू शकत नाही म्हणून हुकूम सोडू शकत नाही. एमडीएम-२ बनवण्याचा हुकूमही पी-५३ च देत असतो, म्हणजे स्वतःला मोडणारा माणूस तो स्वतःच बोलावतो, आणि बिघडलेला पी-५३ त्याला बोलावत नाही, त्यामुळे मोडलाही जात नाही. निकामी प्रोटीन पेशीत साठत जातं. आम्हाला स्लाईडवर गच्च तपकिरी रंग दिसतो आणि आम्ही 'जास्त' लिहितो. शिवाय काही प्रकारचे बिघाड असे असतात की बिघडलेलं प्रोटीन उरलेल्या चांगल्या प्रोटीनशी जोडलं जाऊन त्यालाही निकामी करतं. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, तेच.

पण थांबा, जास्त दिसलं म्हणजे बिघडलंच असंही नाही. नाकात जुनी सूज असेल, पेशी भराभर वाढत असतील, तर चांगला पी-५३ सुद्धा कामाला लागून वाढतो आणि थोडा थोडा दिसायला लागतो. म्हणूनच भावाच्या रिपोर्टमध्ये 'जास्त' म्हणजे नेमकं काय ते बघा. पेशी-पेशींत कमी-जास्त, ठिगळाठिगळाने, मुख्यतः तळाला, हे एक चित्र. अस्तराच्या जवळजवळ सगळ्या पेशी, वरच्या थरापर्यंत, एकसारख्या गडद, हे दुसरं चित्र आणि ते आम्ही गंभीरपणे घेतो, त्या ब्लॉकमधून आणखी काप काढतो, पडदा कुठे फुटलाय का शोधतो. डॉक्टर काळजीत पडले असतील तर बहुधा दुसरं चित्र असेल, आणि त्यांनी काळजी केली हे चांगलंच केलं. तरीही निदान गुलाबी-जांभळ्या स्लाईडवर ठरतं. पेशींची ठेवण शिस्तीत असेल तर एकट्या तपकिरी रंगावरून कोणी कॅन्सर लिहू नये आणि सहसा लिहितही नाही.

पी-२१ तुमच्या भावाच्या रिपोर्टमध्ये असेल तर त्याकडेही बघा, कारण तो पी-५३ चा हुकूम पोचला का याचा अंदाज देतो. पी-५३ भरपूर आणि पी-२१ जवळजवळ नाही, तर हुकूम पोचत नाही अशी शंका घ्यायची. पी-२१ ला पी-५३ शिवाय दुसऱ्या वाटांनीही जाग येते, त्यामुळे हा हिशोब पक्का नाही, फक्त जोडीला धरायचा.

आता गाठींच्या क्रमाबद्दल. साध्या पॉलिपमध्ये, म्हणजे सुजेने फुगलेल्या अस्तरात, पी-५३ सहसा कमी दिसतो, इनव्हर्टेड पॅपिलोमात तळाच्या थरात थोडा वाढलेला, डिस्प्लेसियात आणखी, आणि त्यातून आलेल्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा गच्च. ही चढण बऱ्याच अभ्यासांत दिसलीय. टक्के मात्र एकमेकांशी जुळत नाहीत, कारण अँटिबॉडी वेगळी, कुणी १० टक्के पेशींना पॉझिटिव्ह धरतो कुणी त्याहून कमीला. जीन वाचणाऱ्या टेस्ट आल्यावर चित्र जास्त स्वच्छ झालं. २०१५ मध्ये कळलं की इनव्हर्टेड पॅपिलोमाच्या मोठ्या वाट्यात ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बदल असतो, म्हणजे पेशीला 'वाढ वाढ' सांगणारं बटण दाबलेलं राहतं. टीपी-५३ चा बिघाड मुख्यतः त्यातून पुढे कॅन्सर झालेल्यांत सापडतो. वाढीचं बटण दाबलं गेलं म्हणून गाठ, आणि नंतर कधी राखणदारही गेला तर कॅन्सर, असा तो क्रम दिसतो. शाळेत मुलांना सांगायला हे छान उदाहरण आहे, एका बिघाडाने सहसा कॅन्सर होत नाही.

प्रश्न: मला दमा आहे, वय ३४, दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप, वास येत नाही. एकदा काढले, परत आले. मी पी-५३ ची टेस्ट करून घेऊ का, म्हणजे पुढे कॅन्सर होणार का ते कळेल?

उत्तर: नको, अजिबात नको. दोन्ही बाजूंचे पॉलिप आणि सोबत दमा, हे सुजेचे फुगे आहेत, पाणी धरून सुटलेलं अस्तर, त्यात बहुतेक वेळा इओसिनोफिल नावाच्या पेशींची गर्दी असते. ते कॅन्सरमध्ये बदलत नाहीत. परत आले यालाही कॅन्सरशी जोडू नका, मूळ सूज चालूच आहे म्हणून परत आले. तुमचा सगळा जोर नाकातल्या स्टिरॉइड स्प्रेवर, मिठाच्या पाण्याने नाक धुण्यावर आणि दम्याच्या औषधांवर हवा, आणि त्यानेही आटोक्यात येत नसेल तर २०१९ पासून पॉलिपसाठी बायोलॉजिकल इंजेक्शनंही मान्यता मिळून वापरात आहेत, त्याबद्दल डॉक्टरांशी बोला. अ‍ॅस्पिरिन किंवा तशा वेदनाशामक गोळीने दम लागतो का तेही त्यांना नक्की सांगा, पॉलिप आणि दम्याबरोबर हे तिसरं पुष्कळदा जोडीला असतं. पुढच्या वेळी पॉलिप काढले तर नेहमीची तपासणी मात्र होऊ द्या. आणि एकाच बाजूने काही वेगळं वाढतंय, त्याच बाजूने रक्त येतंय, गाल बधिर होतोय असं कधी वाटलं तर थांबू नका.

प्रश्न: हे कसं विचारावं कळत नाही. माझ्या नवऱ्याच्या नाकातल्या पॅपिलोमात पी-१६ पॉझिटिव्ह आलं. मी शोधलं तर सगळीकडे एचपीव्ही, आणि एचपीव्ही म्हणजे शारीरिक संबंधातून पसरणारा व्हायरस असं लिहिलंय. त्यांना विचारलं तर ते भडकले. तीन आठवडे घरात बोलणं बंद आहे. मला खरं काय ते सांगा.

उत्तर: ताई, पी-१६ वरून तुम्ही जे अनुमान काढताय ते निघत नाही. मी हे तुमचं समाधान करायला म्हणत नाहीये.

पी-१६ हेही गाठ रोखणारं प्रोटीन. पेशीचं विभाजन अडवणारं आरबी नावाचं आणखी एक प्रोटीन असतं, आणि पी-१६ त्या आरबीला मदत करतं. धोकादायक जातीचा एचपीव्ही, मुख्यतः १६ आणि १८ नंबरचा, पेशीत शिरला की त्याचं ई-७ प्रोटीन आरबीला निकामी करतं, मग पेशी अडवायचा प्रयत्न म्हणून पी-१६ भरभरून बनवत राहते आणि स्लाईड गच्च तपकिरी होते. त्याच व्हायरसचं ई-६ प्रोटीन पी-५३ ला मोडीत काढतं, त्यामुळे तिथे जीन बिघडल्याशिवायच राखणदार गायब होतो. घशाच्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाकडच्या कॅन्सरमध्ये हे नातं इतकं घट्ट आहे की पी-१६ ला एचपीव्हीची खूण म्हणून वापरतात. तुम्ही जे वाचलं ते बहुधा या कॅन्सरबद्दल होतं.

नाकातल्या इनव्हर्टेड पॅपिलोमात ते नातं तसं टिकत नाही. तिथे व्हायरस नसतानाही पी-१६ रंगतं, कधी ठिगळांसारखं, कधी बऱ्यापैकी, आणि व्हायरस असतानाही रंगत नाही असंही होतं. एचपीव्ही आहे का हे बघायचंच असेल तर व्हायरसचा डीएनए किंवा आरएनए शोधणारी वेगळी टेस्ट लागते. काही पॅपिलोमांत व्हायरस सापडतो हे खरं, त्यात ६ आणि ११ नंबरचे कमी धोक्याचे प्रकारही असतात. पण तो सापडला तरी कधी आला, कुठून आला हे कुठलीही टेस्ट सांगत नाही. हे व्हायरस लोकांत प्रचंड पसरलेले आहेत, बहुतेकांना आयुष्यात कधीतरी लागण होते आणि कळतही नाही, आणि लग्नाच्या कितीतरी आधीची लागणही इतक्या वर्षांनी दिसू शकते. नवऱ्याच्या चारित्र्याबद्दल ती स्लाईड काहीच सांगत नाही. हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या. त्यांच्या आजाराच्या दृष्टीने महत्त्वाचं काय ते वर पहिल्या उत्तरात लिहिलंय, तेच तुम्हालाही लागू.

प्रश्न: एका लॅबने पी-५३ 'पॉझिटिव्ह, काही पेशी' लिहिलं, दुसरीकडे दाखवलं तर 'निगेटिव्ह'. कुणावर विश्वास ठेवायचा? निगेटिव्ह म्हणजे तर सुटलो ना?

उत्तर: दोन्ही बरोबर असू शकतात, आधी सांगितलं तसं काही लॅब थोड्या पेशींना निगेटिव्हमध्येच धरतात. पण 'निगेटिव्ह म्हणजे सुटलो' हे मात्र खोडून टाका. टीपी-५३ चे काही बिघाड असे असतात की प्रोटीन अर्धवट बनतं किंवा बनतच नाही, मग स्लाईडवर तपकिरी एक ठिपकाही दिसत नाही, आणि हेही गच्च तपकिरी इतकंच वाईट लक्षण. म्हणजे गच्च भरलेलं किंवा पूर्ण कोरं, ही दोन्ही टोकं संशयाची, आणि मधलं ठिगळाठिगळाचं चित्र नेहमीचं. कोरी स्लाईड खरी कोरी आहे की अँटिबॉडीच चालली नाही हे कळायला त्याच कापातल्या आजूबाजूच्या साध्या पेशी बघायच्या, त्यांत थोडा तरी रंग हवा. तिथेही काहीच नसेल तर टेस्ट फसली, परत करायची.

तुम्ही करायचं एवढंच, ब्लॉक आणि सगळ्या स्लाईड मागून घ्या आणि नाक-घशाच्या गाठी नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे एकत्र दाखवा, नुसते रिपोर्टचे कागद घेऊन फिरू नका. त्यांना विचारताना 'पॉझिटिव्ह का निगेटिव्ह' विचारू नका, 'पॅटर्न नेहमीचा आहे का बिघडलेला' असं विचारा. आणि रिपोर्टमध्ये पी-६३ किंवा पी-४० पॉझिटिव्ह दिसलं तर त्याने घाबरू नका, नावं सारखी वाटतात पण ती फक्त तळाच्या पेशी ओळखायला वापरतो आम्ही, या गाठीत ती पॉझिटिव्ह असणारच.

प्रश्न: पी-५३ वाढवणारा आहार किंवा गोळ्या कुठल्या? एका व्हिडिओत अँटिऑक्सिडंट घ्यायला सांगितलंय.

उत्तर: अशी कुठलीही गोळी नाही जी घेतल्याने नाकातली गाठ परत यायची थांबते. आणि पी-५३ सरसकट वाढवणं चांगलंही नाही, २००२ मध्ये काही उंदरांत पी-५३ सतत जागा राहील असा बदल केला तर त्यांना कॅन्सर कमी झाले पण ते लवकर म्हातारे झाले. पेशीला जागा राखणदार हवाय, पण वेळेवर जागा. अँटिऑक्सिडंटबद्दल तर जास्तच सांभाळून, १९९४ साली फिनलंडच्या मोठ्या अभ्यासात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला, कमी होईल म्हणून दिल्या होत्या त्या. तुम्ही सिगारेट ओढता का हे लिहिलेलं नाही. ओढत असाल तर ती सोडा, तंबाखूचा धूर टीपी-५३ जीनवर थेट ओरखडे काढतो, आणि नाकातून सोडलेला धूर नाकाच्या अस्तरालाही लागतो. व्हिडिओवाल्याच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका.

प्रश्न: माझं इनव्हर्टेड पॅपिलोमाचं ऑपरेशन होऊन सव्वापाच वर्षं झाली. नाक मोकळं आहे, काही त्रास नाही, डिस्प्लेसिया नव्हता, पी-५३ पण नेहमीचा होता. तरी डॉक्टर दरवर्षी बोलावतात. आता बंद केलं तर चालेल ना?

उत्तर: बंद करू नका. परत येणाऱ्या गाठी बऱ्याचशा पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसतात हे खरं, पण पाच वर्षांनंतर, कधी दहानंतरही आलेल्या आहेत, म्हणून या गाठीला बरेच सर्जन कायमचा फॉलोअप ठेवतात. नाक मोकळं आहे यावर जाऊ नका, गाठ सायनसच्या पोकळीत एका कोपऱ्यात वाढत असेल तर तिला भरपूर जागा मिळते आणि नाक बंद व्हायला वेळ लागतो. आणि पी-५३ नेहमीचा होता म्हणून परत येणार नाही असंही धरू नका. तो त्या दिवशीच्या त्या तुकड्यातला होता. नवीन गाठ आली तर तिची तपासणी पहिल्यापासून करावी लागते, रंगही परत आणि पडदाही परत.

वर्षातून एकदा दुर्बीण, पाच-दहा मिनिटांचं काम. ज्या बाजूचं ऑपरेशन झालं ती बाजू सांगा, पहिल्या ऑपरेशनचा कागद सोबत न्या ज्यात गाठ कुठून उगवली होती ते लिहिलंय, म्हणजे बघणारे नवीन डॉक्टर असले तरी नेमकं तिथे बघतील. त्यांना काही जाड किंवा दाणेदार वाटलं तर एमआरआय सांगतील किंवा तुकडा घेतील. तसं झालं तर जुना ब्लॉकही मागवून ठेवा, कारण जुनी आणि नवी स्लाईड शेजारी शेजारी ठेवून बघता आली तर काय बदललंय ते आम्हाला फार लवकर कळतं.